केळझरच्या वाटांसाठी टायरची निवड

सेलू तालुक्यातील केळझरच्या परिसरात कपाशीची काळी जमीन आणि बोर अभयारण्याकडील खडकाळ टेकड्या अशा भूमीच्या दोन प्रकृती एकत्र आल्या असल्यामुळे, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे टायर निवडताना चिखल व दगड या दोहोंचा विचार अपरिहार्य ठरतो.

नक्षी : पावसाने फुगलेली चिकट माती अरुंद खाचांत ठासून बसली की चाक जागच्या जागी फिरू लागते, म्हणून नित्य पांदणीने जाणाऱ्याने रुंद खाचांचे ‘मड-टेरेन’ टायर घ्यावेत, आणि ज्याचा बहुतांश प्रवास डांबरी सडकेवरून होतो त्याने, कमी आवाजाचे व मंद झिजणारे ‘ऑल-टेरेन’ पसंत करावेत.

बाजू : धारदार दगडाने टायरची बाजू चिरली असता ती चीर साध्या पंक्चरप्रमाणे निर्धोकपणे सांधता येत नाही, सबब बाजूस अधिक थर असलेला टायर घेणेच श्रेयस्कर.

अंक : भारांक ११२ म्हणजे प्रत्येक टायरची क्षमता ११२० किलो, तर टायरवर उमटवलेल्या ‘२३२४’ या चार अंकांचा अर्थ निर्मिती २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातील.

झीज : मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून उथळ झाल्यास तो कायद्याने बाद ठरतो. तथापि चिखलातील पकड त्याच्या पुष्कळ आधीच क्षीण होत असल्याने, टायर पावसाळ्यापूर्वीच तपासून घ्यावेत.