घरकुलाचा पाया फोटोत दिसत नाही

ज्यांचा एपिसोड ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललो तसाच ठेवलाय, माझे "म्हणजे, म्हणजे" तेवढे कमी केलेत.

मागच्या उन्हाळ्यात मामाकडे गेलो होतो, इथंच, केळापूर तालुक्यात. घरकुलाला तीन वर्षं झालेली आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली. बोट घातलं तर आत गेलं! "मिस्त्रीनं सिमेंट कमी टाकलं का?" मी विचारलं. मामा म्हणाला, "सिमेंट बरोबर होतं बाप्पा. जमीनच हालते खालची."

खरंच हालते. आपला तालुका कापसाचा, म्हणजे काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा पाया कुठे उचलला जातो, कुठे खचतो, आणि भिंत तिरपी फाटते. यावर उपाय जुनाच आहे. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, पायाच्या बाजूनं काळी माती परत न लोटता मुरूम भरायचा, छताचं पाणी भिंतीपासून लांब काढायचं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तर अशा मातीसाठी खाली फुगीर असलेला खास खांबाचा पाया काढलाय, पण घरकुलात तो कोण करणार?

कारण पैसे मोजके. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. कोलाम कुटुंबांसाठी २०२३ च्या जनमन योजनेत २ लाख. पण मुरूम दोन फुटांवर लागो की सात फुटांवर, रक्कम तीच! जास्तीचं खोदकाम, जास्तीचा दगड घरच्यांच्या खिशातून. मामानं खिसा बघितला आणि पाया वरच थांबवला. त्याला दोष कसा द्यायचा?

हप्ते टप्प्यांनी येतात, बांधकामाचा फोटो मोबाइल ॲपवर चढला की. फोटोत जोतं झकास दिसतं. त्याच्या पोटात काय आहे ते तोवर बुजलेलं असतं. माझी खरी तक्रार इथंच आहे.

ग्रामपंचायतीला रक्कम वाढवता येत नाही, मान्य. पण लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे येते ना? त्याच बैठकीत ठरवा, की काम सुरू करण्याआधी प्रत्येक जागेवर एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघायचं. जागा बदलता येत असेल तर तेव्हाच बदलता येईल, जोतं झाल्यावर नाही. सगळ्यांचा मुरूम एकदम आणला तर ट्रॅक्टरचं भाडंही वाटून जाईल. आणि पाया बुजवायच्या आधी पंचायत समितीच्या अभियंत्याला बोलवा, उघड्या खड्ड्यात टेप धरून फोटो काढा. घरात स्मार्टफोन तुमच्याच हातात असतो, तेव्हा हे काम तुमचं.

मामानं भेग सिमेंटनं भरली होती, ती पावसानंतर परत उघडली. आता भेगेच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून बाजूला तारीख लिहितोय. तीन खुणा झाल्यात. चौथी दिवाळीला.