पाटी उतरली, हद्द राहिली

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधला वर्णभेद 17 मे 1954 रोजी संपला, असं सर्रास सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या 'ब्राउन' खटल्यातल्या निकालाने 1896 पासून चालत आलेलं 'वेगळं पण समान' हे तत्त्व शाळांपुरतं मोडीत काढलं, हे खरंच. मात्र पुढे शालेय जिल्ह्यांच्या हद्दी आणि घरपट्टीचा प्रश्न आला, तेव्हा तेच न्यायालय मागे सरलं.

त्या निकालात पाच खटले एकत्र होते. त्यातला एक शाळकरी मुलांच्या संपातून उभा राहिला. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचं मोटन हायस्कूल 180 कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेलं; शिकत होती साडेचारशेंवर. जागा पुरेना म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोल्या उभ्या केल्या. पावसात त्या गळायच्या. हिवाळ्यात शेगडीजवळची मुलं भाजून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडायची. एप्रिल 1951 मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप पुकारला. मुलांना हवी होती नवी इमारत. वकील म्हणाले, भांडायचंच तर वेगळ्या शाळांविरुद्धच भांडू.

जिंकल्यावर काय झालं? 1959 मध्ये त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने शाळांचा पैसाच थांबवला आणि सगळ्या सरकारी शाळांना टाळं लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिच्या फीला सरकारी अनुदानही मिळालं. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना परगावी नातेवाइकांकडे धाडलं, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली, कित्येकांची शाळाच सुटली. प्रशासनाला कर बसवायला लावून शाळा उघडता येतील, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं ते 1964 मध्ये. एवढी हिंमत न्यायालयाने नंतर क्वचितच दाखवली.

1971 मध्ये बसने मुलांची ने-आण करून शाळा मिसळायला मान्यता मिळाली. पण 1974 च्या डेट्रॉइट खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी ठरलं की शहरातल्या भेदभावाचा उपाय, दोष सिद्ध न झालेल्या उपनगरी जिल्ह्यांवर लादता येणार नाही. गोरी कुटुंबं तर उपनगरांकडेच निघाली होती. 'ब्राउन'मध्ये वकील म्हणून लढलेले थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी मत नोंदवलं. माझ्या मते 'ब्राउन'चं कंबरडं मोडलं ते इथे.

पैशाचा प्रश्न त्याआधीच, 1973 मध्ये, निकालात काढला होता. टेक्सासातल्या सॅन अँटोनिओचा एजवूड जिल्हा मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन कष्टकऱ्यांचा. तिथे 100 डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर कर भरूनही दर मुलामागे स्थानिक 26 डॉलर जमत. त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये 85 सेंटच्या दराने 333. जास्त दराने कर भरणाऱ्यांच्याच मुलांच्या वाट्याला कमी पैसा आला. तरीही न्यायालय पुन्हा 5-4 मतांनी म्हणालं, शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही.

एजवूडकर मग राज्याच्या घटनेकडे वळले. 1989 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही निधीव्यवस्था एकमताने घटनाबाह्य ठरवली. पहिला दावा 1968 चा. ज्यांच्यासाठी तो लावला, ती मुलं तोवर शाळेबाहेर पडून मोठी झाली होती.