संच चालू आहे आणि आकाशात स्पंद उठला, तर?

मंडळी, हॅम रेडिओवाल्यांकडून आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: वर कुठे अणुस्फोट झाला तर आपला संच वाचेल का? प्रश्न सिनेमातला वाटतो खरा, पण तसं घडलेलं आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटाजवळ, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटनांचा बॉम्ब फोडला. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. हवाई बेटं तिथून जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब. तरी ओआहू बेटावर रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले आणि चोरघंटा आपोआप वाजल्या.

दिवे गेले ते त्यांना जोडलेल्या लांब तारांमुळे. सगळी गोम इथेच आहे. स्पंदाचा पहिला भाग, ज्याला ई-१ म्हणतात, काही नॅनोसेकंदांत चढतो. संरक्षणाचं गणित मांडताना त्याची तीव्रता मीटरला ५०,००० व्होल्ट धरतात. आता ४० मीटर बँडचा आपला डायपोल साधारण २० मीटर लांब, त्याला कोॲक्स, शिवाय भिंतीतल्या विजेच्या तारा. म्हणजे ऊर्जा पकडायला आपणच जाळं लावून बसलोय! याउलट वीतभर अँटेनाची, बॅटरीवरची हँडी फारच थोडी ऊर्जा ओढते.

पुष्कळ जण इथे सौर वादळाची गल्लत करतात. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज सौर वादळाने घालवली, पण तो परिणाम शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांवर होतो. त्याने शॉर्टवेव्ह बंद पडेल. टेबलावरचा संच जळणार नाही.

मग अरेस्टर लावला की झालं का? नाही. गॅस ट्यूबचा अरेस्टर विजेसाठी चांगला, पण ई-१ इतका चपळ, की ट्यूब पेटेपर्यंत बरंचसं आत गेलेलं असतं. अरेस्टर लावाच, सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी आणा. पण खात्रीचा उपाय म्हणजे वापर नसताना अँटेना आणि प्लग दोन्ही काढणं. वळवाच्या दिवसांत ही सवय तशीही हवीच. ढग गडगडायच्या आधी काढा, आणि कोॲक्सचं टोक घरात लोंबकळत ठेवू नका.

आता खरी अडचण. स्पंद सांगून येत नाही. त्या क्षणी हवेत असलेल्या संचाची हमी कोणीच देऊ नये. म्हणून दुसरा, साधा संच पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डब्याला आतून पुठ्ठा लावा, झाकणाच्या कडेचा रंग खरवडून धातूला धातू भिडवा, एकही तार बाहेर काढू नका. तपासायला मोबाइल नको, एफएम रेडिओ घ्या: ई-१ ची बरीचशी ऊर्जा १०० मेगाहर्ट्झच्या आतच असते. जवळचं जोरदार स्टेशन लावून झाकण बंद करा. रेडिओ गप्प झाला नाही तर फट आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवायची युक्ती मात्र सोडा. त्याचं दार वेगळ्याच लहरींसाठी बनवलेलं असतं.

डब्यात हँडीबरोबर बॅटरी आणि चार्जरही हवा, आणि बॅटरी अधूनमधून चार्ज करायला हवी. शिवाय एक कागद. डोंगरावरच्या रिपीटरला उंच टॉवर आणि लांब केबल असते, तेव्हा तो आधी जाण्याची शक्यता मोठी. म्हणून १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधली थेट बोलायची एक वारंवारता आणि दिवसातली वेळ मित्रांशी आजच ठरवून त्या कागदावर लिहा.