जोयड्याची वही, बेळगावच्या गल्ल्या

जोयडा तालुक्यात जंगल आहे, काळी नदी आहे, उळवीची यात्रा आहे. शहर मात्र नाही. आर्किटेक्चर किंवा इंटिरियर डिझाइन शिकायचे तर आपल्या मुलामुलींना रामनगर-खानापूरमार्गे बेळगाव गाठावे लागते, नाहीतर हुबळी-धारवाड किंवा गोवा. तिथे पहिल्याच वर्षी त्यांना सांगतात, वही घ्या, शहरात फिरा आणि दिसेल ते रेखाटून आणा. घरी हे कळले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मोबाइलवर क्षणात फोटो निघत असताना उन्हात दोन तास बसून खिडकी काढायची कशाला?

पालकांचा प्रश्न रास्त आहे. पण फोटोत कमान येते, ती कशावर टेकली आहे हे न कळताही येते. हाताने काढताना तसे चालत नाही. तुळई कुठे संपली, खांबाचा भार कुठे उतरला, पावसाचे पाणी कुठून वाहून जाते हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही. कागदावर चित्र कमी आणि प्रश्नच जास्त उमटतात. शिक्षणाच्या दृष्टीने तेच हवे असते.

बेळगाव या कामाला फार सोयीचे शहर आहे. किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची, रट्ट राजवटीतली. तिच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ काढायचे म्हणजे मान मोडते, पण पाकळ्यांचे थर मोजता मोजता वर्तुळाचे भाग कसे पाडतात ते आपोआप समजते. कॅम्पातले सेंट मेरीज चर्च 1869 चे, टोकदार कमानींचे. ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी काढून पाहावीत. कॅम्प आणि किल्ल्याच्या परिसरात लष्कराच्या जागा आहेत. तिथे विचारल्याशिवाय वही उघडू नये, हे मुलांना घरूनच बजावलेले बरे.

माझ्या मते खरा खजिना मात्र गल्ल्यांत आणि शहापुरात आहे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, शेजारचे बेळगाव इंग्रजांचे. आज चालताना ही हद्द कळतही नाही. दारात दुकान, मागे घर, वर माळा, लाकडी कठडा आणि मंगळुरी कौले अशी घरे अजून दिसतात, पण दर वर्षी थोडी कमी होतात. रस्ता रुंद होतो, भावाभावांत वाटणी होते, जुन्या घराच्या जागी अपार्टमेंट येते. मालकाला दोष देता येत नाही. गळके छप्पर शाकारण्याचा खर्च त्याचा त्यालाच ठाऊक. पण घर पडायच्या आधी कुणीतरी ते कागदावर उतरवलेले असावे.

साहित्य फार लागत नाही. 2बी आणि 4बी पेन्सिली, जाड कागदाची वही, पाण्याची बाटली. सकाळी दुकाने उघडण्याआधी गल्ली मोकळी असते आणि तिरप्या उन्हात नक्षी उठून दिसते. हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठा सरकवत दाराची उंची मोजायची आणि भिंत त्याच्या किती पट आहे ते पाहायचे. चिऱ्याची भिंत असेल तर आणखी सोपे: एका चिऱ्याची उंची टेपने मोजा, मग नुसते थर मोजा. घरमालकाला आधी नमस्कार करावा. बहुधा चहाही मिळतो.

बेळगावच्या मातीत ही परंपरा आहेच. 1935 मध्ये इथे जन्मलेले चित्रकार रवी परांजपे के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकले. पुढे मुंबईत त्यांनी जाहिरातीची चित्रे केली. त्याबरोबरच इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे दाखवणारी चित्रेही वास्तुरचनाकारांसाठी केली. 2022 मध्ये ते गेले. न बांधलेल्या इमारतीत चित्रातून हिंडवून आणायचे, तर बांधलेल्या इमारती आधी भरपूर पाहिलेल्या असाव्या लागतात.

माझी भाची सध्या बेळगावात डिझाइन शिकते. तिच्या वहीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चित्रांभोवतीची नावे. प्रत्येक भागाचे नाव तिने मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले आहे. उंबरठा, होस्तिलु. पडवी, जगली. माळा, अट्ट. कौल, हंचु. खांब आणि कंब तर सख्खी भावंडेच. कॉलेजात इंग्रजी शब्द मिळतात. हे शब्द तिला आजीकडून मिळाले. आढे, वासे, रिपा, वळचण हे सुट्टीत गावच्या कुणबी घरासमोर बसून मिळाले. वळचण एवढी खाली का, वाकून आत का शिरावे लागते, हे तिने लहानपणी कधी विचारलेच नव्हते. चित्र काढताना उत्तर समोरच होते: जोयड्याच्या पावसाचा मारा मातीच्या भिंतीवर बसू नये म्हणून.

आजी मूळची सुप्याची. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे ते गाव एके काळी तालुक्याचे ठाणे होते, तालुक्याचे नावही सुपाच. गणेशगुडीजवळ 101 मीटर उंचीचे धरण झाले, 1987 मध्ये ते पुरे झाले आणि गाव पाण्याखाली गेले. पुष्कळ कुटुंबे रामनगरला आली. आजीने येताना दाराची चौकट आणली. घराचे चित्र किंवा फोटो घरात कुणाकडेच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने तिला घराची मापे विचारली. ‘‘मापं कसली? चालून दाखवते,’’ म्हणत आजी अंगणात उतरली. जोत्यापासून देवघर इतकी पावले, देवघरापासून चूल इतकी. भाची मागून खडूने रेघा मारत गेली आणि संध्याकाळी ते सगळे चौकटीच्या कागदावर उतरवले. न्हाणीघरापर्यंत कसलीच अडचण आली नाही. विहीर डाव्या हाताला होती की उजव्या, यावर मात्र आजीचा आणि तिच्या धाकट्या भावाचा फोनवर अर्धा तास वाद झाला, निम्मा मराठीत आणि निम्मा कन्नडमध्ये. नकाशात सध्या विहीर दोन्हीकडे आहे, पेन्सिलीने.