नातीची फी आणि आजोबांची गोळी

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या राहनाळच्या दवाखान्यात दोन कारणांनी गर्दी असते. एक कारण पावसाळी तापाचे आणि दुसरे महाविद्यालयीन प्रवेशांचे. दुसऱ्या कारणाने येणारे रुग्ण हे विद्यार्थी नसतात, बहुधा त्यांचे आजी-आजोबा असतात. झोप लागत नाही, डोके जड वाटते, छातीत धडधडते, अशा त्यांच्या तक्रारी असतात. प्रवेशाचा विषय ते स्वतःहून काढत नाहीत. तो आपण काढावा लागतो, हे मला एका चुकीनंतर उमगले.

ते काका बहात्तर वर्षांचे. भिवंडीतील एका यंत्रमाग कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे हिशेब लिहिला. निवृत्तिवेतन नाही. गोदामांसाठी जमिनी गेल्या तेव्हा वाट्याला आलेल्या पैशांतून १५ लाख रुपये त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. त्याच्या तिमाही व्याजावर पती-पत्नींची औषधे, तपासण्या आणि वरखर्च चाले. रक्तदाब कित्येक वर्षे आटोक्यात होता. त्या दिवशी मात्र तो १९०/११० भरला. मी आणखी एक गोळी वाढवून दिली आणि आठवड्याने बोलावले. आठवड्याने रक्तदाब जवळपास तेवढाच होता. तेव्हा सोबत आलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, महिन्याची पाकिटं हल्ली दोन महिने पुरतात."

काका एकाआड एक दिवस गोळी घेत होते. औषध बदलण्यापूर्वी ‘गोळी रोज घेता ना?’ हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. पैसे साठवण्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते, गोळ्या वाचवल्या जात आहेत हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

दोन जागा, एक घर

काकांच्या नातीला सीईटीत चांगले गुण मिळाले होते. तिच्यापुढे दोन पर्याय होते. पहिला माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा, शाखा वस्त्र तंत्रज्ञान. दुसरा एका नामांकित खासगी विद्यापीठाचा, शाखा संगणक. खासगी विद्यापीठात चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि भोजन धरून हिशेब १८ लाखांच्या घरात जात होता. वडील गोदामात पर्यवेक्षक, त्यांचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. म्हणून काकांनी मनाशी ठरवले होते की, ठेव मोडायची आणि उरलेले तीन लाख औषधांतून, प्रवासातून, जमेल तिथून वाचवायचे.

त्यांचा युक्तिवाद मला अजून आठवतो. "आयुष्यभर मागाचा खडखडाट ऐकला. आता नातीनेही कापडातच जायचं?" या वाक्यात कष्ट होते, अभिमान होता आणि थोडी लाजही होती. भिवंडीत राहणाऱ्याला ती लाज समजते.

वस्तुतः व्हीजेटीआय ही संस्था १८८७ साली स्थापन झाली तीच मुंबईच्या गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवण्याच्या गरजेतून. पदवी मुंबई विद्यापीठाची, म्हणजे १८५७ सालच्या सार्वजनिक विद्यापीठाची. महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोठ्या प्रमाणावर वाट मोकळी झाली ती १९८३ च्या सुमारास, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्यापूर्वी ज्यांना जागा मिळत नसे, ती असंख्य मुले यामुळे अभियंते झाली, हेही मान्य केले पाहिजे. ‘सरकारी ते जुनाट’ आणि ‘खासगी ते दिखाऊ’ ही दोन्ही मते सारखीच उथळ आहेत.

खासगी विद्यापीठात हवी ती शाखा मिळण्याची शक्यता अधिक असते, प्रयोगशाळा नव्या असतात, वसतिगृह नीटनेटके असते. सार्वजनिक संस्थेत शुल्क कमी असते, प्रवेश गुणवत्तेवर झालेला असल्याने सोबतची मुले अभ्यासू असतात, आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे जुने व विस्तृत असते. उलट शाखेची निवड तेथे गुणांनुसारच होते आणि वसतिगृहात खोली मिळेलच असे नाही. राहनाळच्या मुलीसाठी हा शेवटचा मुद्दा किरकोळ नव्हे. कंटेनरांच्या रांगांतून ठाणे गाठायचे, तेथून धीमी लोकल धरून माटुंगा, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट. रोज चार तास असे गेले तर अठरा वर्षांच्या मुलीचीही झोप आणि जेवण बिघडते. म्हणून मी काकांना सांगितले, की पैसे खर्च करायचेच असतील तर आधी माटुंग्याजवळ तिच्या राहण्याची सोय पाहा.

जे कागद आधी पाहावेत

त्या कुटुंबाने एक गोष्ट पाहिलीच नव्हती. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना ही सवलत लागू नाही. वसतिगृह, भोजन आणि इतर आकार यांचा खर्च उरतोच, तरीही १८ लाखांच्या तुलनेत तो फार वेगळा आकडा आहे. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र हे कागद वेळेत तयार हवेत.

दुसरा कागद ठेवीचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडल्यास मुद्दलातून दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर मोडल्यास एक टक्का रक्कम कापली जाते. काकांना ही कपात मोठी वाटत होती. खरे नुकसान दुसरे होते. १५ लाखांवर ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतात. ठेव मोडल्यावर थांबतात ते हे पैसे, आणि औषधे त्यांतूनच येत होती.

तिसरा कागद कर्जाचा. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्जाची तरतूद आहे. कर्ज मुलांच्या आणि आई-वडिलांच्या नावावर असणे योग्य. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने राहते घर तारण ठेवून जामीन राहू नये, असे मी डॉक्टर म्हणूनही सांगतो, कारण या चिंतेवर माझ्याकडे गोळी नाही. करसवलतीचाही गैरसमज असतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट स्वतःसाठी, जोडीदारासाठी, मुलांसाठी किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्यासाठी असते. नातवंडांसाठी आजोबांना ती केवळ आजोबा म्हणून मिळत नाही.

आणि चौथा, जमिनीचा. आमच्या भागात शिक्षणासाठी गुंठा-दोन गुंठे मुलाच्या नावे करून देण्याची प्रथा आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर ‘माझी देखभाल करावी’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर हा आधार दुबळा होतो.

काळजी घेणाऱ्यांनी काय पाहावे

शुल्काच्या दिवसांत घरातील वृद्ध माणूस पैसे मागत नाही, तो स्वतःचा खर्च कमी करतो. पाकीट नेहमीपेक्षा अधिक दिवस पुरते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी’वर जाते, रक्ततपासणीचा कागद खिशातच राहतो, फळे आणि दूध बंद होते. ही लक्षणे दिसली तर रागावू नये, बसून विचारावे.

गोळ्यांची काटकसर धोक्याची आहे. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील, एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळू शकतो, हृदयविकार असल्यास छातीत दुखू शकते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, तुकडे करू नयेत, कारण दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. इन्शुलिनची मात्रा मनाने कमी करू नये. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्याच घटकाचे स्वस्त औषध जनऔषधी केंद्रात मिळू शकते आणि कधी दोनऐवजी एक गोळी पुरते. सत्तर व त्यावरील वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. दरमहा लागणाऱ्या गोळ्यांसाठी घरचा निधी लागतोच, आणि तो निधी शुल्काच्या हिशेबात धरूच नये.

मग निर्णय कसा झाला

पुढच्या भेटीला मी नातीलाही बोलावले. गोळ्यांची गोष्ट ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, किती पैसे आहेत ते." घरात महिनाभर चर्चा चालू होती, आणि जिच्यासाठी ती चालू होती तिच्यासमोर एकदाही आकडा मांडला गेला नव्हता.

मी तिला शाखेविषयी सल्ला दिला नाही, तो माझा अधिकार नव्हे. माझ्या क्षेत्रातले एवढेच सांगितले, की हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवतात ती जाळी विणलेली असते, मोठी रक्तवाहिनी बदलताना वापरतात ती नळी पॉलिएस्टर धाग्याची असते, आणि जखम शिवतात तो दोराही वस्त्र तंत्रज्ञानाचाच भाग आहे. काका हे ऐकत होते. त्यांनी फक्त "असं?" एवढेच म्हटले.

ती माटुंग्याला गेली. संगणक शाखा न मिळाल्याची खंत तिला आहे, आणि ती नाही असे मी म्हणणार नाही. काकांनी खोलीच्या भाड्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले, ठेव मात्र मोडली नाही.

याच्या उलट उदाहरणही माझ्याच रुग्णांत आहे. एका घराने जाणीवपूर्वक खासगी विद्यापीठ निवडले. आई-वडील दोघेही कमावते, कर्ज मुलाच्या आणि वडिलांच्या नावे, शाखा मुलाच्या मनाची, आणि आजीच्या ठेवीला कुणी हात लावला नाही. तो निर्णयही मला तितकाच योग्य वाटतो. संस्थेच्या नावापेक्षा या घरांनी पैसा कुणाचा, कर्ज कुणाचे आणि औषधाचा निधी शाबूत आहे की नाही, हे आधी ठरवले, म्हणून दोन्ही घरांत शांत झोप आहे.

आजी-आजोबांनो, नातवंडांना जरूर द्या. पण आधी वर्षाच्या औषधांचा, तपासण्यांचा आणि एका अडचणीच्या प्रसंगाचा खर्च कागदावर लिहून बाजूला काढा, मग उरलेल्यातून किती देणार तो आकडा सर्वांसमोर सांगा. आणि मुला-सुनांनो, शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी एकदा घरातील गोळ्यांचे पाकीट उघडून किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा.

काकांचा रक्तदाब गेल्या भेटीत १३६/८२ होता. वाढवलेली गोळी मी बंद केली आहे.