यशयाच्या ग्रंथातील दुःखभोगी सेवक

यरुशलेमहून गाझाकडे उतरणाऱ्या ओसाड वाटेने इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथातून स्वदेशी परतत होता आणि प्रवासात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचीत होता, असा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आला आहे. निमूटपणे वधाला जाणाऱ्या एका निरपराध माणसाचे वर्णन त्याच्यासमोर होते. ख्रिस्ताचा अनुयायी फिलिप रथाजवळ येताच खजिनदाराने त्याला विचारले की, संदेष्टा हे स्वतःविषयी सांगत आहे की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिपने उत्तरादाखल येशूची वार्ता सांगितली. पण प्रश्न तेथे संपला नाही. यहुदी आणि ख्रिस्ती ह्या दोन्ही समाजांत तो पुढे दोन हजार वर्षे विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावरून केवळ पंडितांचे वादच झाले असे नव्हे, तर माणसांच्या आयुष्यांवरही त्याचा परिणाम झाला.

यशयाच्या ग्रंथाचे ६६ अध्याय आहेत. यशया हा संदेष्टा इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यरुशलेमात होऊन गेला. परंतु ४० ते ५५ ह्या अध्यायांतील परिस्थिती फार पुढची आहे. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले आणि लोकांना बंदी करून नेले. ह्या अध्यायांत त्या निर्वासितांचे सांत्वन आहे. पुढे ५३९ साली बाबिलोन जिंकून घेणाऱ्या पारसीक सम्राट कोरेशाचा म्हणजे सायरसाचा त्यांत नावानिशी उल्लेख आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक हा भाग हद्दपारीच्या काळातील एका अनामिक संदेष्ट्याचा मानतात आणि सोयीसाठी त्याला ‘दुसरा यशया’ म्हणतात.

बर्नहार्ट डूम ह्या जर्मन पंडिताने १८९२ साली ह्या भागातील चार उतारे वेगळे करून दाखविले. त्यांना ‘सेवकगीते’ असे नाव पडले. पहिल्यात परमेश्वर आपल्या सेवकाची जगाला ओळख करून देतो. दुसऱ्या व तिसऱ्या गीतांत सेवक स्वतः बोलतो. आपले पाचारण, आपले वैफल्य आणि आपल्याला सोसावा लागलेला मार व अपमान तो सांगतो. चौथे गीत ५२ व्या अध्यायाच्या तेराव्या ओवीपासून ५३ व्या अध्यायाच्या अखेरपर्यंत आहे. अध्यायांची विभागणी मध्ययुगात झाली व ती नेमकी ह्या गीताच्या मध्यावर पडली. म्हणून वाचकाने ५३ व्या अध्यायापासून आरंभ केल्यास गीताचे तोंडच हरवते.

ह्या चौथ्या गीतात सेवक एक अक्षरही बोलत नाही. आरंभी व अखेरीस परमेश्वर बोलतो. मधला सर्व भाग ‘आम्ही’ म्हणणाऱ्या लोकांच्या तोंडी आहे. हा माणूस रूपहीन होता, लोक त्याच्यापासून तोंड फिरवीत, आणि देवानेच त्याला शासन केले अशी आमची समजूत होती, असे ते कबूल करतात. दुःख म्हणजे पापाची शिक्षा ही समजूत प्राचीन इस्राएलात दृढ होती. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र हेच त्याला ऐकवितात. आपल्याकडेही दुर्धर रोगाने पिडलेल्या माणसाविषयी ‘पूर्वजन्मीचे भोग’ असे म्हणून मोकळे होणारे थोडे नाहीत. येथील शब्दयोजना अशी आहे की, संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले लॅटिन भाषांतर सिद्ध करताना हा सेवक लोकांना कुष्ठरोग्यासारखा वाटला, असा अर्थ केला. आणि मग बोलणाऱ्यांना उमगते की, त्याने वाहिलेल्या व्यथा त्याच्या नव्हत्या, आपल्याच होत्या. प्रेक्षकांचा निर्णय उलटतो. अपराधी कोण हे त्यांना कळते.

मग हा सेवक कोण? ग्रंथातच दोन धागे आहेत. ४१, ४४ व ४९ ह्या अध्यायांत ‘सेवक’ म्हणून इस्राएल राष्ट्राला संबोधिले आहे. पण ४९ व्या अध्यायातच हा सेवक इस्राएलाला परत आणण्यासाठी नेमलेला आहे असेही म्हटले आहे. म्हणजे तो राष्ट्रही आहे आणि राष्ट्राहून वेगळाही आहे. ह्या दुहेरीपणामुळे यहुदी परंपरेत एकच एक उत्तर कधीच नव्हते. अरामी भाषेतील प्राचीन भावानुवादाने, ज्याला तार्गुम म्हणतात, सेवकाला मशीहा म्हटले. मात्र दुःखाची वर्णने त्याच्यावरून काढून इतरांकडे वळविली. ताल्मुदात एके ठिकाणी गीताची शेवटची ओवी मोशेला लावलेली आहे. दहाव्या शतकातील सादिया गाओन ह्यांना येथे यिर्मया दिसला. वधाला नेल्या जाणाऱ्या कोकराची उपमा यिर्मयाने स्वतःलाही दिलेली आहे.

ख्रिस्ती परंपरेने हे गीत आरंभापासून येशूच्या जीवनावर वाचले, पण तेही एकाच रीतीने नव्हे. मत्तय आपल्या आठव्या अध्यायात सेवकाने व्याधी वाहिल्याचे वचन येशूने रोगी बरे केले त्या प्रसंगाला लावतो, क्रुसाला नव्हे. पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच गीत मालकाचा अन्याय सोसणाऱ्या दासांना धीर देण्यासाठी योजिले आहे. गीतात सेवकाच्या प्राणाला ‘आशाम’ म्हटले आहे. मोशेच्या नियमशास्त्रात दोषनिवारणासाठी अर्पावयाच्या बलीला हाच शब्द आहे. त्यामुळे ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ सांगताना मंडळीला हे गीत अपरिहार्य झाले.

ह्या वादात दोन्ही बाजूंनी काही चुकीच्या समजुती रूढ झाल्या. सेवक म्हणजे इस्राएल हा अर्थ यहुदी पंडितांनी मध्ययुगात ख्रिस्ती लोकांना उत्तर देण्यासाठी शोधून काढला, असे सांगण्यात येई. ते खरे नाही. ख्रिस्ती आचार्य ओरिजेन ह्याने तिसऱ्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ग्रंथात नमूद केले आहे की, ज्या यहुदी विद्वानांशी त्याचा वाद झाला त्यांनी हे वर्णन विखुरलेल्या व पीडलेल्या संपूर्ण राष्ट्राचे आहे असे सांगितले होते. उलट, हा अध्याय ख्रिस्ती लोकांनी मागाहून आपल्या मताप्रमाणे बदलला, हा संशयही टिकत नाही. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत यशयाच्या संपूर्ण ग्रंथाची चामड्यावरील गुंडाळी मिळाली. ती सुमारे सव्वासात मीटर लांब असून ख्रिस्तजन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षांची आहे. हे गीत तीत जसेच्या तसे आहे. एक लक्षणीय फरक मात्र आहे: यातनेनंतर सेवक काहीतरी पाहील, असे जेथे म्हटले आहे, तेथे रूढ हिब्रू संहितेत नसलेला ‘प्रकाश’ हा शब्द ह्या गुंडाळीत व जुन्या ग्रीक भाषांतरातही आहे.

राष्ट्र हा अर्थ सर्वांत प्रभावीपणे मांडला तो फ्रान्समधील त्र्वा गावच्या राशी ह्या भाष्यकाराने. त्याचा काळ १०४० ते ११०५. तरुणपणी तो वर्म्स व माइन्झ येथे शिकला होता. १०९६ साली पहिल्या क्रुसेडसाठी निघालेल्या टोळ्यांनी ह्याच नगरांतील यहुदी वस्त्यांची कत्तल केली. राशीच्या भाष्यात ‘आम्ही’ म्हणणारे लोक म्हणजे इतर राष्ट्रे होत. इस्राएलाच्या दुःखाने जगाला क्षमा व शांती लाभली हे त्यांना उशिरा कळते. पुढे १२६३ साली बार्सेलोना येथे राजासमक्ष झालेल्या वादसभेत नाहमानिदेस ह्या रब्बींनी गीताचा सरळ अर्थ इस्राएल हाच असल्याचे प्रतिपादन केले. थोड्याच वर्षांत त्यांना स्पेन सोडावा लागला.

येथे ख्रिस्ती माणसाला थांबून विचार करणे भाग आहे. तुच्छ लेखलेल्या, निरपराध सेवकाची पूजा करणाऱ्या समाजांनी त्या सेवकाच्याच ज्ञातीला तुच्छ लेखले, तिच्यावर ख्रिस्तहत्येचा आरोप ठेवला, आणि तिच्या दुःखाला ‘देवाची शिक्षा’ म्हटले. गीतातील प्रेक्षकांनी जी चूक कबूल केली, तीच ह्यांनी पुन्हा केली. मंडळीच्या स्वतःच्या शिकवणीत ह्याच्या विरुद्ध जाणारे वचनही होते. त्रेन्त येथील महासभेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने ख्रिस्ताच्या यातनांना कारण झालेल्यांत पाप करीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांचा दोष यहुद्यांपेक्षा अधिक मानला होता. म्हणजे ‘आम्ही’ ह्या शब्दाचा रोख स्वतःकडेच होता. तो रोख लोक विसरले. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९५९ साली गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अपमानकारक विशेषण काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने जाहीर केले की, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट त्या काळच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. २००१ साली पोपच्या बायबल-आयोगाने त्यापुढे जाऊन, यहुदी लोक करतात ते बायबलवाचन हेही एक संभाव्य व सुसंगत वाचन आहे, असे मान्य केले.

ह्याचा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेने आपले उत्तर मागे घ्यावे असा नाही. संदेष्ट्याच्या मूळ श्रोत्यांना बंदिवासातील आपले राष्ट्र दिसले असेल, किंवा त्यांच्यातला एखादा छळलेला सत्पुरुष दिसला असेल; आणि त्या वर्णनाची पूर्तता ख्रिस्तात झाली असे ख्रिस्ती माणूस मानतो. एका अर्थाने दुसरा पुसला जात नाही. महाराष्ट्रात तर हे दोन्ही वाचक एकाच भाषेत बोलत आले आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल मराठीच बोलत. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बरेच इस्राएलात गेले. वसईच्या ख्रिस्ती घरातली भाषाही मराठीच.

सिनेगॉगमधील वार्षिक वाचनक्रमात संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील जे उतारे नेमलेले आहेत, त्यांत हे गीत येत नाही. कॅथलिक मंदिरांत मात्र ते दर गुड फ्रायडेला पहिले वाचन म्हणून वाचले जाते, आणि त्या वाचनात सेवक मुका असतो. बोलते ती मंडळी. ज्याला आपण टाकले त्याला देवाने टाकले नव्हते, हे तिने ‘आम्ही’ म्हणून कबूल करावयाचे आहे. त्या दिवशी दाराबाहेर बसलेला महारोगी, वाळीत पडलेले कुटुंब, परधर्मी म्हणून नाव ठेवलेला शेजारी, ह्यांच्यासंबंधीही ती कबुली लागू पडते, हे वाचणाऱ्याने व ऐकणाऱ्याने ध्यानात घ्यावे.