उदगीरचे कावळे आणि कायद्याचे पुस्तक

पिंडाला शिवावा म्हणून ज्याची आपण हात जोडून वाट पाहतो, तो कावळा रस्त्यात मरून पडला तर मात्र वळसा घालून पुढे जातो! पण २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पटापट मरू लागले, पन्नासच्या आसपास गेले, आणि गावाच्या तोंडचे पाणी पळाले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले : बर्ड फ्ल्यू.

तुम्ही म्हणाल, हे काम पशुवैद्याचे. गुन्हेशास्त्राच्या प्राध्यापकाचे येथे काय अडले आहे? चोर, दरोडेखोर ही त्यांची मंडळी!

अडले आहे ते असे. २००९ साली जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयी केंद्राचा कायदा झाला. रोगाची शंका येताच मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला वर्दी द्यावी, असे तो सांगतो. मेलेले रोगी जनावर नदीतळ्यात लोटणे, हा तर गुन्हाच. कागदावर सारे ठीक. पण एखादा कोंबडीवाला रात्री गुपचूप खड्डा खणून मेलेल्या कोंबड्या पुरतो आणि उरलेल्या बाजारात धाडतो, तो का? माणूस काही दुष्ट नसतो. डोक्यावर कर्ज असते. सरकार भरपाई देते, पण ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आपोआप मेलेल्यांची नव्हे. म्हणजे वर्दी जितकी लवकर, तितके नुकसान कमी. हा साधा हिशेब त्याला कोणी वेळेवर सांगतच नाही! माणूस गुन्ह्याकडे का वळतो, हे शोधणे हाच तर गुन्हेशास्त्राचा धंदा.

आणखी एक मौज पाहा. नांदेडकडची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही या मुलखाची नावाजलेली गुरे. त्यांना कोणी निर्दयपणे मारहाण केली, तर १९६० च्या कायद्याप्रमाणे पहिल्या खेपेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! साठ साली ती रक्कम जाणवत असेल. आज तिच्यात सिनेमाचे तिकीटही येत नाही. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत जनावर खोडसाळपणे ठार वा अपंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण रोजचा चाबूक त्या पन्नास रुपयांतच सुटतो.

राहता राहिले आपले स्वयंपाकघर. कोंबडी आणि अंडी पुरती शिजवली, की हा विषाणू टिकत नाही. अंगणात पक्षी मरून पडला, तर मुलांना हात लावू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फोन १९६२.